धनराज, तुझी हरकत वेळेत आली होती

धनराज,

तू गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं. 'गुरुजींचे लहानपणापासूनचे सोबती, तहसिलीतून निवृत्त झालेले वामनराव' अशी ओळख करून दिली. मी दोन वाक्यं बोललो आणि बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटून आला असेल. कोणीतरी पाणी आणून दिलं, ते मी प्यायलोही. गळा दाटला नव्हता. मी घाबरलो होतो.

माझ्या आधी प्रज्ञा बोलली होती. तुझी सातवीतली विद्यार्थिनी, वस्तीच्या टोकाच्या घरातली. आता तीच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बोलता बोलता थांबली, म्हणाली, "एक गोष्ट आज सगळ्यांपुढे सांगते. प्रभागाच्या हरकतीचा नकाशा रंगवायचा हट्ट माझा होता. मीच म्हटलं होतं, सर, रंग भरून देऊ, साहेबाले दुरून दिसला पाहिजे. त्या रंगापायी सरांना उशीर झाला अन् आपली हरकत गेली. गाव सरांवर हसलं. सरांनी माझं नाव कोणाले सांगितलं नाही. त्यांचा चिंचोक्यांचा खेळ मीही वर्गात कधी घेतला नाही." एवढं बोलून ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मंडपात मागून एक जण मायेनंच म्हणाला, "चिंचोके मास्तर होते न आपले." लोक ओल्या डोळ्यांनी हसले.

त्यानंतर माझं नाव पुकारलं गेलं.

उशीर झाला नव्हता, धनराज. बारा वर्षांच्या पोरीनं स्वतःच्या डोक्यावर घेतलेलं ते ओझं, तू तुझ्या डोक्यावर घेतलेलं ओझं, सगळं माझं होतं. हे तिथेच, तुझ्या फोटोपुढे, सांगता आलं असतं. मी म्हटलं, "धनराज फार मोठा माणूस होता. असे शिक्षक आता होणे नाही." ही दोन वाक्यं. कोणत्याही मास्तरच्या कार्यक्रमात चालतील अशी.

आता लिहितो. तू वाचणार नाहीस, म्हणूनच लिहिता येतंय, हेही मला कळतं, आणि त्याचाही राग येतो.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याला फार दिवस झाले नव्हते. तुझ्या शाळेच्या भिंतीवर नकाशा जुनाच होता, आणि तू पोरांकडून त्यावर लाल पेन्सिलीनं नवी सीमा ओढून घेतली होतीस. प्रज्ञानं तेव्हाच तुला विचारलं, "सर, माह्या मावशीचं गाव तिकडं गेलं. तिले कोणी विचारलं होतं का?" बाजाराच्या दिवशी तू मला गाठलंस. हसत होतास, पण कुठेतरी लागलं होतं तुला.

"पोट्टीनं मले फसवलं बे वामन. म्हणते, रेघ कोण ओढते? मले सांगता नाही आलं."

"मंग काय सांगितलं?"

"सांगितलं, सोमवारी सांगतो."

सोमवारी तुझा खेळ तयार होता. शाळेच्या ओसरीवर खडूनं पाच बाय पाच असे पंचवीस चौकोन. चिंचोके फोडून, दगडावर घासून त्यांची फाकं केलेली. एक बाजू काळी, एक पांढरी. पंचवीस घरांपैकी दहा पांढरी, पंधरा काळी. डावीकडच्या दोन उभ्या रांगा पांढऱ्या, बाकीच्या तीन काळ्या. सुतळीनं पाच प्रभाग पाडायचे, प्रत्येकात पाच चौकोन, एकमेकांना लागून. प्रभागात ज्याचे चिंचोके जास्त, प्रभाग त्याचा. एकच नियम कडक होता: चिंचोका जागचा हलवायचा नाही. हलेल ती सुतळी.

मी त्या दिवशी तुमच्याच गावात तलाठ्याकडे कामाला आलो होतो. ओसरीवरचा गोंधळ ऐकून आत आलो. तू मला बसायला स्टूल दिलंस आणि म्हणालास, बोलू नको, पाहा.

एका गटानं आडव्या पट्ट्या पाडल्या होत्या. "सर, पांढऱ्याचे पाचही पडले."

"कसे पडले बे, दहा होते न?"

"दोन दोन करून वाटून टाकले मी त्याइले."

दुसऱ्या गटानं उभ्या पट्ट्या पाडल्या, पांढऱ्याचे दोन आले. तिसऱ्या गटात प्रज्ञा होती. तिनं सुतळी अशी वाकडीतिकडी फिरवली होती की सापानं अंग टाकावं. "आमच्यात पांढऱ्याचे तीन आले."

"खोटं. दहाच तर हायेत."

"मोज न. मले काय सांगतेस, चिंचोक्याले विचार."

तेच दहा, तेच पंधरा. कुठे शून्य, कुठे दोन, कुठे तीन. पोरं एकमेकांच्या चौकोनांवर वाकून मोजत होती, भांडत होती. मी इतकी वर्षं निवडणुकीच्या शाखेत काम करत होतो. ही गोष्ट इतकी उघडी मी कधी पाहिली नव्हती.

तुला छेडायला म्हटलं, "नागरिकशास्त्र शिकवून राहिला का जुगार?"

तू म्हणालास, "जुगारात नशीब असते वामन. इथं नशीब नाही, इथं बाबू असते."

पोरं मोठ्यानं हसली. मीही हसलो. बाबू मीच होतो.

मग तू त्यांना शेवटचं काम दिलंस. सगळ्यांना बरोबर वाटेल अशी रेघ ओढून दाखवा. तासभर खटपट झाली. कोणाचंच जमेना. पांढरे म्हणत आम्हाला कमी, काळे म्हणत त्यांना जास्त. शेवटी तू म्हणालास, "नाही येत. मलेही नाही येत. म्हणून रेघ ओढणाऱ्यानं उजेडात बसून ओढावी, अन् काहून ओढली विचारलं तर सांगता आलं पाहिजे."

यातलं पहिलं वाक्य मी आयुष्यभर वापरलं. सगळ्यांना बरोबर वाटेल अशी रेघ ओढता येत नाही, खुद्द धनराजच म्हणायचा. दुसरं वाक्य मी सोडून दिलं. आपला वाद नेहमी इथेच अडायचा. मी म्हणायचो, रेघेनं काही होत नाही, लोक मत देतात. तू म्हणायचास, लोक मत देतात, पण कोणासोबत उभं राहून देतात ते दुसरंच कोणी ठरवते. मी म्हणायचो, लहान पोरांना हे वाकडं कशाला शिकवतोस. तू म्हणायचास, वाकडं मी शिकवत नाही, वाकडं त्याइच्या घरापुढून जाते.

ते खरं होतं. थोड्याच दिवसांत ते त्यांच्या घरापुढून गेलं, आणि ते नेणारा मी होतो.

ग्रामपंचायतीचे प्रभाग नव्यानं पाडायचे होते. तुमच्या गावाचे तीन. कच्चा आराखडा माझ्या टेबलावर होता. माझे भाटवे, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, तुमच्या गावातले कर्ते माणूस, हे तुला सांगायला नको. एका रविवारी दुपारी ते ताईसोबत माझ्या घरी आले. जेवले. हात पुसता पुसता म्हणाले, "वामनराव, वस्ती अख्खी एका प्रभागात राहिली तर दर वेळी आपल्याले त्याइच्या दारात जावं लागते. पाहा काही जमते का." मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. आतल्या खोलीत ताई भांडी आवरत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता. ती ऐकत होती हे मला कळलं. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. फक्त तेव्हा काय काय होतं ते सगळं लिहायचं ठरवलं आहे.

त्याआधी मी प्रभाग पाडायचो ते रस्ता पाहून, तलाव पाहून, मागच्या वेळचं पाहून. वस्तीचे दोन तुकडे कसे करायचे हे मला माहीत नव्हतं. ते मी तुझ्या ओसरीवर शिकलो. आडव्या पट्ट्या. दोन दोन करून वाटून टाकायचे. तुझ्या पोरांचं वाक्य माझ्या डोक्यात होतं, धनराज, आणि मी ते कागदावर उतरवलं. वस्तीच्या मधून सांडपाण्याची नाली जाते. आराखड्यात मी तिला 'नाला' लिहिलं, म्हणजे नैसर्गिक सीमा झाली. नालीच्या अलीकडची घरं एका प्रभागात गेली, पलीकडची दुसऱ्यात. राखीव जागा होती तिथेच राहिली. पण तिच्यावर कोण निवडून येईल, हे आता वस्तीच्या हातात नव्हतं.

नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. ती मोठ्या माणसांनी वाचली नाही. तुझ्या सातवीनं वाचली. दप्तरं ओट्यावर टाकून पोरांनी तिथेच आराखडा वहीत उतरवला आणि तुझ्याकडे आणला. नंतर तूच मला सांगितलंस, सांगताना तुझा चेहरा कसा फुलला होता. "कोणी सांगितलं नाही बे त्याइले. त्याइनंच पाहिलं. म्हणे, सर, हे आपल्याले दोन दोन करून वाटलं."

तुला तेव्हा माहीत होतं का, की रेघ माझी आहे? मला वाटतं, नव्हतं. 'कार्यालयानं केलं' असंच तू म्हणायचास. कार्यालय म्हणजे कोणीतरी साहेब, असं तुला वाटत असेल. मी तुझी समजूत मोडली नाही.

हरकतीची मुदत थोड्या दिवसांची होती. तुझ्या पोरांनी ती पुरेपूर वापरली. घरोघर जाऊन माणसं मोजली. नालीची रुंदी फुटपट्टीनं मोजली. मोठ्या कागदावर वस्ती काढली, प्रत्येक घर दाखवलं, आणि नालीजवळ प्रज्ञाच्या अक्षरात लिहिलं, 'हा नाला नाही. ही नाली आहे. आम्ही रोज हिच्यावरून उडी मारून शाळेत जातो.' खाली वस्तीतल्या मोठ्या माणसांच्या सह्या आणि अंगठे. शेवटच्या दिवशी सकाळी रंग भरले, आणि तो कागद गुंडाळून तू एसटीनं तहसिलीत आलास.

तू माझ्या टेबलापुढे उभा राहिलास तेव्हा दोनला दहा मिनिटं कमी होती. माझ्या समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, तुझी त्याकडे पाठ होती. मनगटावर तू कधी घड्याळ बांधलं नाहीस. म्हणायचास, शाळेची घंटा आहे न. बारनिशीचा, म्हणजे आवक-जावक नोंदीचा माणूस जेवायला गेला होता, आवक घ्यायचं काम त्या तासापुरतं माझ्याकडे होतं. अर्ज, नकाशा, सह्यांचे कागद, सगळं तू माझ्यापुढे ठेवलंस. मी चहा सांगितला. तू नकाशा उलगडून दाखवलास. मी नालीजवळचं ते वाक्य वाचलं. वाचून मला हसू आलं, खरंच आलं, आणि तूही हसलास.

मग तू पिशवीतून अर्जाची दुसरी प्रत काढलीस. पोच घ्यायची असते, हे तूच पोरांना शिकवायचास. कुठेही कागद द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. ती प्रत तू माझ्यापुढे अर्धी धरलीस. माझ्याकडे पाहिलंस. आणि म्हणालास, "जाऊ दे. तू आहेस न इथं." ती प्रत घडी करून परत पिशवीत टाकलीस.

काहून, धनराज? सगळ्या गावाला कायदा शिकवणारा माणूस तू, मित्राकडे पोच मागायला लाजलास. मी किती वेळा तुझ्यावर चिडलो असेन या गोष्टीवरून. मनातल्या मनात तुला शिव्या दिल्या आहेत. ती प्रत पुढे केली असतीस तर मी शिक्का मारला असता, माझ्यात नाही म्हणायची हिंमत नव्हती. मी वाचलो असतो. पुढे मग लक्षात आलं, मी तुझ्यावर चिडतो आहे ते तू माझ्यावर भरवसा ठेवलास म्हणून. एवढा निलाजरा राग दुसऱ्या कोणाचा नसेल.

तू गेल्यावर मी तुझा अर्ज टेबलाच्या खणात ठेवला. बारनिशीचा माणूस परत आला. संध्याकाळी आवक रजिस्टर बंद झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खणातून अर्ज काढला, त्याच्या हाती दिला आणि सांगितलं, हे आत्ता आलं. त्यानं त्या दिवसाच्या तारखेचा शिक्का मारला. शिक्का खोटा नव्हता. त्यावर सही करणारा माणूसही खोटा नव्हता. सगळे कागद नियमात होते. साहेबांनी वरून लिहिलं, 'मुदतबाह्य, सबब फेटाळण्यात येते.' नकाशा कोणी उलगडूनसुद्धा पाहिला नाही.

तू आलास चार दिवसांनी. ओरडला नाहीस. ओरडला असतास तर मला सोपं गेलं असतं.

"वामन, अर्ज तर त्याच दिवशी दिला होता न मी तुले?"

"दिला होता न. पण शेवटच्या दिवशी बारनिशी दोनलेच बंद करतात बे. तू आला तवा पावणेतीन होऊन गेले होते. मी ठेवून घेतला, म्हटलं पाहू. नाही चाललं."

"पावणेतीन?"

"तुले कुठं घड्याळाचं भान होतं? रंगवत बसला असशील पोट्ट्याइसंगं."

हे वाक्य मी तुला दिलं. उशिराचं कारणही मीच तुला पुरवलं. तू खाली मान घालून विचार केलास, सकाळपासूनचं सगळं मोजून पाहिलंस. रंगाला किती वेळ गेला, एसटी कुठे थांबली. मग म्हणालास, "हो. माहीच चूक झाली. नऊची गाडी सोडून दिली मी, नकाशा सुकायचा होता."

त्यावर मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. ठेवला होता, धनराज. तो हात आठवला की आजही मला माझ्या अंगाची किळस येते.

गावात पसरायला वेळ लागला नाही. मास्तर चित्र रंगवत बसले अन् मुदत गेली. पानठेल्यावर तुला 'चिंचोके मास्तर' म्हणू लागले. वस्तीतलेच लोक जास्त बोलले, कारण त्यांचंच गेलं होतं. राखीव जागेवर भाटव्यांचा गडी निवडून आला. पाच वर्षं तो बैठकीला जाई, जिथे दाखवतील तिथे सही करी. पुढच्या पाच वर्षांतही तेच प्रभाग राहिले. वस्तीचा रस्ता दर वर्षी ठरावात येई आणि दर वर्षी दुसरीकडे जाई. पावसाळ्यात तुझ्या घरापासून शाळेपर्यंत तू चपला हातात घेऊन जायचास, हे मी पाहिलं आहे.

आणि तू खेळ बंद केलास. मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, आता नाही का तुझे चिंचोके? तू म्हणालास, "पोट्ट्याइले रेघ ओळखायले शिकवलं, अन् मीच वेळेवर नाही पोचलो. कोणत्या तोंडानं शिकवू?" तुझ्यानंतर प्रज्ञाही शिक्षिका झाली, पण तिनंही तो खेळ वर्गात कधी घेतला नाही. कार्यक्रमात तिच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा मला कळलं, मी फक्त एक हरकत दाबली नव्हती. किती वर्गांना ते पंचवीस चौकोन दिसलेच नाहीत, ते आता कोण मोजणार?

आपली मैत्री मात्र चालू राहिली. हे मला सगळ्यात विचित्र वाटतं. माझ्या मुलीच्या लग्नात तू दारात उभा राहून पाहुण्यांची विचारपूस केलीस. माझ्या बायकोच्या आजारपणात तू भंडाऱ्याच्या दवाखान्यात माझ्यासोबत बाकड्यावर बसून राहिलास. लहानपणी माझ्या आईनं तुझ्यासाठी वेगळा गिलास ठेवला होता, तो तू स्वतः धुवून ठेवायचास, आणि मी पाहत राहायचो. त्याबद्दलही मी तुझ्याशी कधी बोललो नाही. न बोलण्याची सवय मला फार आधीपासून होती. तू तिला माझा शांत स्वभाव समजायचास.

दोघंही निवृत्त झाल्यावर एकदा आपण पवनीला गेलो होतो. वैनगंगेच्या काठावर बसलो होतो. तू शेंगा सोलून देत होतास आणि मी खात होतो. मी ठरवून गेलो होतो, आज सांगायचं. शब्दही जुळवले होते. तेवढ्यात तूच म्हणालास, "पुन्हा प्रभाग पडून राहिले म्हणे. एक बार हरकत टाकून पाहू का? या खेपेला नऊच्या गाडीनं जातो." आणि हसलास.

मी काय म्हणालो माहीत आहे? "कायले त्रास घेतोस या वयात." मला भीती वाटली, तू जुने कागद काढायला लावशील. कोणीतरी विचारेल, मागच्या वेळी आवक कोणाकडे होती. तू "बरं" म्हणालास. सोललेली शेंग माझ्या हातावर ठेवलीस. एका माणसाला दोनदा कसं अडवता येतं ते मी त्या दिवशी शिकलो, आणि या वेळी मला सुतळीही लागली नाही.

कार्यक्रमानंतर चौथ्या दिवशी मी तुझ्या घरी, सुलोचनावहिनींकडे गेलो. त्या अंगणात सुपात तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, खणापासून खांद्यापर्यंत. त्यांनी हात थांबवला नाही. मी बोलायचा थांबलो तरी त्या खडे काढत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील, किंवा मला हाकलून देतील. दोन्ही चाललं असतं.

"मले काहून सांगून राहिले भाऊजी?" त्या शेवटी म्हणाल्या.

"तुमची माफी मागायची होती, वहिनी."

"मी कायची माफी देऊ? मले तर त्याइनं उशीर केला का नाही केला, त्याचं काही नव्हतं. मी त्याइच्यावर हसले नाही." त्यांनी सूप खाली ठेवलं. "जे हसले त्याइले सांगा. अन् त्या पोरीले सांगा. मले सांगून तुमचं मन हलकं होईल. त्याइचं नाव कुठं धुतल्या जाते त्यानं?"

त्या आत गेल्या. चहा विचारला नाही. धनराज, तुझ्या घरी मला चहा विचारला नाही अशी ती पहिलीच वेळ.

मग मी एक कागद लिहिला. एकच पान. रेघ कोणी ओढली, अर्ज किती वाजता आला, कुठे ठेवला, कधी बाहेर काढला, तुला काय खोटं सांगितलं. दोष दुसऱ्या कोणावर ढकलला नाही. ग्रामसभा होती त्या दिवशी मी तुमच्या गावी गेलो. बोलायची परवानगी मागितली. ग्रामपंचायतीच्या अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या, पुरुष पुढे, बायका मागे.

मी वाचायला लागलो. अर्ध्यावर आलो तेव्हा माझा भाचा उठला, ताईचा मोठा मुलगा. "मामा, माहा बाप गेला त्याले पाच वर्षं झाली. मेलेल्या माणसाचं नाव कायले गुंतवता?"

"तुझ्या बापाचं नाव यात कुठंच नाही. सगळं पान माझ्या नावाचं आहे. बस खाली."

तो बसला नाही. मी पुरं वाचलं. माझा आवाज बसला होता, शेवटच्या ओळी मलाच नीट ऐकू आल्या नाहीत. मी कागद खाली घेतला. पानठेल्यावरच्या जुन्या लोकांपैकी एक म्हणाला, "झालं ते झालं वामनराव. जुनी गोष्ट आहे. बसा आता."

मी बसणार होतो. खरं सांगतो, बसायला माझे गुडघे वाकलेही होते.

मागून प्रज्ञा उभी राहिली. शाळेतून सरळ आली होती, खांद्यावर पर्स तशीच होती. "काका, किती वाजले होते?"

"दोनला दहा कमी."

"अन् बारनिशी किती वाजता बंद झाली त्या दिवशी?"

"संध्याकाळी. रोजच्या टायमाले."

"म्हणजे आम्ही रंगवलं त्यानं काही उशीर नव्हता झाला."

"नाही झाला, बेटा. भरपूर वेळ होता."

ती या वेळी रडली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. पुढे बसलेल्या माणसांकडे पाहत होती, एकेकाकडे. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मागं बायाइले ऐकू नाही आलं. पहिल्यापासून वाचा. जोरात."

मी कागद पुन्हा उचलला आणि पहिल्या ओळीपासून वाचला.